बिल मागा, आणि थोडं रान घरच्या बियाण्याला द्या

राळेगाव तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका तरुण शेतकऱ्याचं पत्र, थोडक्यात :

‘ताई, आमची नऊ एकर कोरडवाहू. सहा एकरात कपाशी, बाकी सोयाबीन आणि तूर. दर मे महिन्यात तेच घडतं. ज्या वाणाला मागणी असते ते कृषी केंद्रात नेमकं संपलेलं असतं. मिळालंच तर छापील किमतीपेक्षा दोन-तीनशे जास्त द्यायचे, वर नको असलेलं टॉनिक आणि दुसऱ्या वाणाची पाकिटं लिंकिंगमध्ये घ्यायची. पक्कं बिल मागितलं की “मग माल नाही”. चोर बीटीवाले (तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचं बेकायदा बी विकणारे) तर घरपोच येतात. निंदणाचा खर्च वाचतो म्हणून गावात बऱ्याच जणांनी ती लावली. आजोबा सरकी घरची ठेवायचे. मी ठेवली तर कंपनी केस करेल का? बाबा म्हणतात, दुकानदाराशी वाकडं घेऊ नको, उधारी कोण देईल? एवढ्या कंपन्या, एवढी पाकिटं, तरी मला निवडायला काहीच नाही असं का वाटतं?’

भाऊ,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचे सगळे त्यातूनच निघाले आहेत. तुम्हाला जे वाटतं ते खरं आहे. कृषी केंद्रात कपाशीची पन्नास पाकिटं दिसतात, पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात बोंडअळीविरुद्धची जनुकं तीच, बीजी-२ ची, म्हणजे दोन जनुकांच्या बीटी कपाशीची (आधीच्या बीजी-१ मध्ये एकच होतं). आणि जवळजवळ प्रत्येक वाण संकरित, म्हणजे दोन वाणांच्या संकराचा, ज्याचं घरचं बी पुढच्या वर्षी तसंच उतरत नाही. फरक असतो तो नावात, बोंडाच्या आकारात, थोडाफार कालावधीत. पुढच्या वर्षी पुन्हा विकत घ्यावं लागणं मात्र पन्नासही पाकिटांत सारखं. तुमची निवड दुकानाच्या पायरीवर सुरू होते असं आपण समजतो. ती त्याच्या कितीतरी आधी, परवान्यांच्या करारांत होऊन गेलेली असते.

हे कसं झालं ते समजून घ्या, कारण सल्ला त्यावरच उभा आहे.

कपाशीचा जगातला पहिला व्यापारी संकरित वाण, एच-४, सुरतच्या सरकारी केंद्रात सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये दिला. मग अकोल्याच्या विद्यापीठाचा पीकेव्ही हायब्रीड-२ आला, नांदेडचा एनएचएच-४४ आला. तुमच्या बाबांना ही नावं विचारून पाहा. ही कामं सार्वजनिक पैशातून झाली आणि चांगली झाली. पण दरवर्षी बी विकत घेण्याची रीत तेव्हाच रुजली, आणि पुढे जे आलं त्याला ती फार सोयीची ठरली.

मार्च २००२ मध्ये केंद्राने बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी दिली. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतल्या कंपनीकडे हे तंत्रज्ञान होतं. तिने पुढे चाळीसहून अधिक भारतीय कंपन्यांना परवाने दिले आणि प्रत्येक पाकिटामागे शुल्क घेतलं. सुरुवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमचं पाकीट १६०० रुपयांच्या पुढे होतं आणि त्यातले हजाराहून जास्त रुपये निव्वळ तंत्रज्ञानाच्या शुल्काचे होते. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार याविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे गेलं आणि त्याच हंगामात तिथली किंमत ७५० रुपयांवर आली. २०१६ पासून केंद्र सरकार देशभराची कमाल किंमत ठरवतं. त्या पहिल्याच वर्षी शुल्क १६३ रुपयांवरून ४९ वर आणलं, २०२० मध्ये ते शून्य केलं. २०२५ च्या खरिपात बीजी-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. म्हणून पाकिटावर छापलेल्या किमतीवर तुमच्याकडून जो रुपया जास्त घेतला जातो, तो बेकायदेशीर आहे. त्यात घासाघीस करण्यासारखं काही नाही.

सरकारने मनावर घेतलं की किंमत निम्म्यावर येते, हे यातून दिसलं. कंपनीने मनावर घेतलं तर काय होतं, तेही २०१६ मध्येच दिसलं. तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या कपाशीच्या मंजुरीची प्रक्रिया बरीच पुढे गेली होती. त्याच सुमारास केंद्राने, जनुकाचे परवाने मागेल त्या कंपनीला वाजवी अटींवर द्यावेत, अशी नियमावली आणायचं ठरवलं. महिकोने मंजुरीचा अर्जच मागे घेतला. अधिकृत दार असं बंद झालं, आणि तोवर शेतात पोचलेलं तेच तंत्रज्ञान बिनबिलाच्या पाकिटांतून पसरत राहिलं. तुमच्या घरी येणारी चोर बीटी ती हीच.

आता सरकारचीही बाजू सांगते, कारण सगळा दोष कंपन्यांवर टाकून भागत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या विद्यापीठाबरोबर ‘बिकानेरी नरमा’ या सरळ वाणाची बीटी कपाशी काढली होती. २००८ मध्ये तिला मंजुरी मिळाली. सरळ वाण म्हणजे बी घरी ठेवता आलं असतं. पण त्या बियाण्यात मोन्सॅन्टोचंच जनुक सापडलं, वाटप थांबवावं लागलं आणि चौकशी समिती नेमली गेली. शेतकऱ्याला जी एक खरी दुसरी वाट मिळाली असती, ती आपल्याच संस्थेच्या ढिसाळपणामुळे बुजली. याचं मला आजही फार वाईट वाटतं. नंतर नागपूरने सरळ वाणांतली बीटी कपाशी दिली खरी, पण तोवर बाजार संकरित पाकिटांनी भरून गेला होता, आणि जे बी एकदाच विकलं जातं त्याच्या जाहिरातीवर पैसा कोण घालणार?

अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे बीटी कपाशी प्रामुख्याने सरळ वाणांत आली. आपल्याकडे ती संकरित वाणांत आली, कारण संकरित वाण स्वतःच कुलूप असतो, वेगळ्या पेटंटची फारशी गरज पडत नाही. त्याची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याने मोजली. बी महाग, म्हणून एकरी झाडं कमी आणि अंतर जास्त. कालावधी लांब, म्हणून हलक्या जमिनीत पाऊस संपल्यावर बोंडं भरायची वेळ. आणि पीक शेतात जितकं जास्त दिवस उभं, तितकी गुलाबी बोंडअळीची सोय. बीजी-१ ला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे गुजरातमध्ये २०१० मध्ये जाहीर झालं. २०१७ मध्ये तुमच्या-आमच्या भागात बीजी-२ च्या शेतांत त्याच अळीने काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. त्या घरांचा हिशेब कुठल्याही पाकिटावर छापलेला नाही.

आता चोर बीटी. सरळ सांगते, लावू नका.

निंदणाची अडचण मला कळते. ऐन पावसात बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, आणि चार दिवस उशीर झाला की पऱ्हाटी तणात बुडते. २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला उघडपणे ही कपाशी पेरली, तेव्हाची तंत्रज्ञान स्वातंत्र्याची मागणी मी हलकी मानत नाही. जगात जे बी मिळतं ते माझ्या शेतात येणार की नाही हे एक कंपनी आणि एक फाईल ठरवणार, हा त्यांचा राग रास्त आहे. परंतु घरपोच येणाऱ्या त्या पाकिटात ते स्वातंत्र्य नाही. त्यावर लॉट नंबर नाही, उगवणीची हमी नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. आत बोंडअळीची जनुकं आहेत का, असली तर दोन्ही आहेत का, संकरित बी आहे की कुणाच्या जिनिंगमधून उचललेली सरकी रंगवून भरली आहे, काहीच कळत नाही. न उगवल्यास तक्रार कुणाविरुद्ध करणार? पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार ते बी बेकायदा आहे, त्यामुळे तक्रार करणाराच आधी गप्प होतो. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

दुसरी गोष्ट तुमच्या तुरीची. कपाशीत तुरीचं तास असेल तर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारल्यावर कपाशी राहील आणि तूर जाईल. वाऱ्याने फवारा शेजाऱ्याच्या सोयाबीनवर गेला तर भांडण वेगळंच. आणि बी घेतलं की तेच तणनाशक दरवर्षी घेणं आलं. मोन्सॅन्टो २०१८ मध्ये बायरने विकत घेतली. त्याच सुमारास डाऊ आणि ड्युपॉन्ट एकत्र येऊन त्यातून कोर्टेव्हा निघाली, सिंजेंटा चीनच्या सरकारी कंपनीकडे गेली. जगातलं बियाणं आणि त्यावर फवारायचं औषध आता बहुतांशी त्याच मोजक्या घरांतून येतं. हे लक्षात ठेवून पाकीट हातात घ्या.

केसची भीती मात्र मनातून काढून टाका. आपल्याकडे २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्याचं कलम ३९ सांगतं की शेतकरी आपल्या शेतातलं बी, ते नोंदणीकृत वाणाचं असलं तरी, ठेवू शकतो, पेरू शकतो, देवाणघेवाण करू शकतो, विकूसुद्धा शकतो. फक्त ब्रँडचं नाव लावून, पाकिटबंद करून विकता येत नाही. २०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातमधल्या बटाटा उत्पादकांवर खटले भरले, काहींकडून एक कोटीच्या वर भरपाई मागितली. देशभर संताप उसळला आणि काही आठवड्यांत कंपनीने खटले मागे घेतले. (त्या बटाट्याच्या वाणाच्या नोंदणीवरून पुढे बराच काळ कोर्टकज्जा चालला. २०२१ मध्ये नोंदणी रद्द झाली, २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पण कलम ३९ जागेवर आहे.) बीजी-२ चं पेटंट तर २०१९ मध्येच संपलं.

म्हणजे सरकी ठेवायला कायदा आडवा येत नाही, आडवं येतं ते वाणाचं संकरितपण. संकरित कपाशीची सरकी पेरली तर एक झाड उंच, एक खुजं, बोंडं वेगवेगळी, आणि बोंडअळीचा गुणही सगळ्या झाडांत सारखा उतरत नाही. आजोबा ठेवायचे ते देशी किंवा सरळ वाणाचं बी होतं. तुम्हालाही तेच करायचं असेल तर सहा एकरातलं एक एकर, हलक्या जमिनीचं, सरळ वाणाला देऊन पाहा. अकोल्याचं विद्यापीठ आणि नागपूरची संस्था यांच्याकडे लवकर येणारे, दाट लागवडीचे सरळ वाण कोणते मिळतात ते मार्च-एप्रिलमध्येच विचारा. मे महिन्यात विचारलं तर हाती काही लागत नाही. सगळी कपाशी एकदम बदलू नका. घर त्यावर चालतं. आणि वाण कुठलाही असो, फरदड ठेवू नका, म्हणजे वेचणी संपल्यावर पुन्हा बोंडं धरतील म्हणून पीक उभं ठेवू नका. डिसेंबरअखेर शेत मोकळं केलं तर गुलाबी बोंडअळीला जेवढा चाप बसतो तेवढा कुठल्याही पाकिटाने बसत नाही.

तुमचं खरं मोकळं रान मात्र कपाशीत नाही, सोयाबीन आणि तुरीत आहे. तुम्ही पत्रात त्यांचा उल्लेख ओझरता केलात, म्हणून इथे थोडी थांबते.

सोयाबीनचे आपल्याकडचे वाण सरळ आहेत. एकदा प्रमाणित बियाणं आणलं की दोन-तीन वर्षं घरचंच बी निर्धास्त वापरता येतं. कृषी विभागही दरवर्षी हेच सांगतो. तरी एकरी तीस किलोची बॅग विकत घेणारी घरं मी पाहते तेव्हा जीव तुटतो. बी ठेवायचं ते शेताच्या ज्या भागात पीक एकसारखं आहे तिथलं. भेसळीची झाडं फुलोऱ्यातच उपटून टाका, फुलाच्या रंगावरून ती लगेच ओळखू येतात. मळणीयंत्राचे फेरे कमी ठेवायला सांगा, मिनिटाला साडेतीनशे-चारशेच्या आसपास, कारण सोयाबीनचं टरफल नाजूक असतं आणि जोरात मार बसला की उगवण जाते. पोती आपटू नका, एकावर एक चार-पाचच्या वर रचू नका, खाली लाकडी फळ्या टाका. मेमध्ये शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्याने सत्तर किंवा जास्त निरोगी कोंब आले तर बी पेरायला तयार आहे. थोडे कमी आले तर एकरी बी त्या हिशेबाने वाढवा. तुरीचंही तसंच : बदनापूरचे, अकोल्याचे सरळ वाण आहेत, फक्त तुरीत मधमाश्यांमुळे परपराग येतो म्हणून बियाण्याचा तुकडा दुसऱ्या तुरीपासून लांब ठेवा. अकोले तालुक्यात, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, राहीबाई पोपेरे यांनी घराच्या एका कोपऱ्यातून देशी बियाण्यांचं काम सुरू केलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम आदिवासी पट्ट्यातलं, भाजीपाला आणि कडधान्यांचं, तुमच्या काळ्या जमिनीपेक्षा वेगळं. पण बी घरी ठेवणं हे मागासलेपण नाही एवढं त्यांनी सगळ्या महाराष्ट्राला दाखवून दिलं आहे.

आता दुकान. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ नुसार साठा आणि दर दर्शनी भागात लावणं आणि प्रत्येक विक्रीचं बिल देणं परवानाधारकावर बंधनकारक आहे. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच ही सक्ती, म्हणजे तुमचं लिंकिंग, प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा. शेतकरी हा बियाण्याचा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचात (आताच्या ग्राहक आयोगात) जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. समोर राष्ट्रीय बीज निगम होतं आणि शेतकरी जिंकले. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवरच्या तक्रारीला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची.

पण या सगळ्याचा उपयोग कागद असेल तरच. बिलावर वाणाचं नाव आणि लॉट नंबर लिहून घ्या. पाकीट फोडताना खालून फोडा, म्हणजे वरचं लेबल शाबूत राहतं. रिकामं पाकीट, टॅग आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपा. उगवण झाली नाही तर दुबार पेरणीच्या घाईत पुरावा नांगरू नका. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तालुका तक्रार निवारण समितीचा पंचनामा होऊ द्या. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

एक बाजू दुकानदाराचीही. लिंकिंग बऱ्याचदा त्याच्या दुकानात जन्मत नाही. चालणाऱ्या मालाबरोबर न चालणारा माल कंपनी वितरकाच्या गळ्यात मारते, वितरक दुकानदाराच्या, दुकानदार तुमच्या. दुकानदारांच्या संघटनांनीही याविरुद्ध आवाज उठवला आहे. म्हणून त्याच्याशी भांडायला जाऊ नका. तक्रार लिहाल तेव्हा लिंकिंगमध्ये आलेल्या मालाच्या कंपनीचंही नाव लिहा, नाहीतर कारवाई त्याच्यावर होईल आणि कंपनी पुढच्या वर्षी तोच माल दुसऱ्या दुकानातून पाठवेल.

आणि बाबांची भीती. ती पत्रातली सगळ्यात खरी गोष्ट आहे. जो बी देतो तोच उधार देतो, म्हणून त्याच्यापुढे बिल मागता येत नाही. कायद्याची कलमं पाठ असून इथे पुरत नाहीत. एप्रिलमध्ये बँकेत किंवा सोसायटीत पीक कर्जाचं नूतनीकरण करा, आणि त्यातले निदान बियाण्याचे पैसे वेगळे काढून ठेवा. औषधाची, खताची उधारी राहिली तरी चालेल, बी तेवढं रोखीने. सोयाबीन आणि तुरीचं बी घरचं झालं की रोख लागेल ती फक्त कपाशीच्या पाकिटांपुरती, आणि ती रक्कम जमवता येण्यासारखी आहे. गावातले आठ-दहा जण मिळून एकाच दिवशी एकाच दुकानात रोख घेऊन जा, यादी आधी द्या आणि बिल प्रत्येकाच्या नावाने मागा. एकट्याला ‘माल नाही’ म्हणणारा दुकानदार साठ-सत्तर पाकिटांची रोख मागणी परत पाठवत नाही. बाबांनाही सोबत न्या. दुकानदाराशी त्यांची इतक्या वर्षांची ओळख आहे, बोलणं त्यांनीच सुरू केलेलं बरं.